गेलेल्याची शप्पथ

आमच्या धाडमध्ये बर्फ म्हणजे बाजाराच्या दिवशी गोळेवाल्याच्या गाडीवर पोत्यात गुंडाळलेली लादी. माझ्या लहानपणी ती एसटीच्या टपावरून यायची आणि निम्मी वाटेतच पाणी होऊन खिडकीतल्या माणसांवर गळायची. उन्हाळ्यात आम्ही पोरी मुद्दाम खिडकी धरून बसायचो. त्या गावची मुलगी बर्फावरच्या शर्यतीत देशाकडून उतरली होती, हे आजही कुणाला सांगितलं की समोरचं माणूस आधी हसतं.

तिचं शाळेतलं नाव सुचिता. गावात छकुली. तिच्या घराची आणि माझ्या घराची भिंत एकच आहे. बाप इंद्रभान, धाड ते बुलढाणा काळी-पिवळी जीप चालवतो. आई तानुबाई. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते, त्यामुळे लहानथोर सगळे मला राबियाबाई किंवा नुसतं बाई म्हणतात. तानुबाई लग्न होऊन आली तेव्हा तिला चूल पेटवता येत नव्हती आणि सासू माहेरचा उद्धार करायची. तेव्हा भिंतीवरून निखारे द्यायची मी. तेव्हापासूनची आमची सोबत आहे.

छकुलीच्या आधी तिला मुलगा झाला होता, गजेंद्र. दोन वर्षांचा असेल. थंडीत त्याची छाती भरली, घुरघुर ऐकू यायला लागली. इंद्रभान तेव्हा दुसऱ्याची गाडी चालवायचा आणि ती जालन्याला गेली होती. मी आणि तानुबाई एसटीने बुलढाण्याला निघालो. अर्ध्या वाटेत ती घुरघुर थांबली. मला कळलं, तिलाही कळलं. पण तिने पोराला पदराखाली घेतलं आणि तशीच बसून राहिली. कंडक्टर मधेच उतरवून देईल, अशी तिला भीती होती. बुलढाण्याचा स्टँड येईपर्यंत ती त्याला थोपटत होती.

तेव्हापासून त्या घरात कुणी खोकललं की तानुबाईच्या हातातलं काम थांबतं.

छकुली झाली आणि तिलाही हिवाळ्यात धाप लागायला लागली. त्या काळी, आणि आजही, डोंगरापलीकडच्या एका गावात वामनराव म्हणून एक जण दम्याची पुडी देतात. दर रविवारी त्यांच्या अंगणात रांग लागते. खामगाव, देऊळगाव राजा, कुठून कुठून माणसं येतात. राखेच्या रंगाची पुडी असते, दक्षिणा ज्याच्या त्याच्या इच्छेची. माझे मिया, रहेमतुल्ला, हेही दम्याचे रोगी. ते तीच पुडी घ्यायचे. पुडी कडू, म्हणून छकुली थुंकून टाकायची. मग तानुबाई ती गुळाच्या खड्यात दडवायची आणि पोरीला भरवायची. वर म्हणायची, "गिळला? आऽ कर. दाखव मले." छकुली तोंड उघडून जीभ बाहेर काढून दाखवायची. सातव्या वर्षी धाप गेली ती गेली. तानुबाईच्या मनात एक गोष्ट कायमची बसली: एक लेकरू दवाखान्याच्या वाटेवर गेलं आणि दुसरं पुडीनं वाचलं.

आमच्या ह्यांचं मात्र वेगळं झालं. पुडीने दमा बसला, चेहरा चंद्रासारखा गोल झाला. लोक म्हणायचे, बाईंच्या हातचं चांगलं मानवलं. मग साखर वाढली, हाडं कडब्यासारखी झाली. न्हाणीत पाय घसरला, खुबा मोडला, आणि त्या अंथरुणावरून ते उठले नाहीत. डॉक्टर म्हणाले, असल्या पुड्यांमध्ये काहीबाही मिसळलेलं असतं. मी ते तानुबाईला सांगितलं. ती म्हणाली, "त्याईचं वय झालं होतं, बाई. पुडीले काऊन दोष देता?"

छकुली शाळेत पळायची. आमच्याकडे पळणाऱ्या पोरींचं एकच स्वप्न असतं, भरती. पहाटे रस्त्याच्या कडेने ओळीने पळतात, अंगावर भावाचा टी-शर्ट आणि पायात मिळेल तो बूट. त्यातून ही सीमेवरच्या दलात निवडली गेली. तिथे हिमालयातल्या कुठल्याशा तळावर साहेबांनी पळणाऱ्या मुली निवडल्या आणि पायाला स्कीच्या लांब पट्ट्या बांधून बर्फावर सोडल्या. पहिल्या दिवशी ती इतकी पडली की जेवताना चमचा धरता येईना. तिने फोनवर मला समजावून सांगितलं होतं, "टीव्हीवर डोंगरावरून सूं करून येतात न, ते येगळे, बाई. आमचं सपाटीवर पळायचं, चढबी चढायचा. टाच सुटी असते. पाय उचलायचा नाही, सरकवायचा. अन् दम असा लागते, का जीव नाकातून बाहेर येते."

पहिल्या मोठ्या सुट्टीत ती घरी सरावासाठी चाकाच्या पट्ट्या घेऊन आली. बर्फ नसतो तेव्हा या खेळातले लोक डांबरी रस्त्यावर त्या वापरतात. पायात त्या, दोन्ही हातांत उंच काठ्या, आणि ही बाजारपेठेतून सूं करत निघाली. पोरं मागे, कुत्री मागे.

पानठेल्यावरचा हरिओम ओरडला, "काय बे इंद्रभान, पोरीले चाकं लावली, आता जीप इकून टाक!"

"इकतो न," इंद्रभान म्हणाला, "तुले बुलढाण्याले तीच पाठुंगळी नेईन."

"अन् ह्या काठ्या कायच्या व छकुली? एवढ्यात म्हातारी झाली काय?"

"तुह्यासारखे मागं लागतात, त्याईले हाकलाले," छकुली न थांबता म्हणाली, आणि सगळा चौक हसला.

तिचे ते दिवस चांगले होते. इंद्रभान पहिली फेरी सोडून तिला राजूरच्या घाटाच्या पायथ्याशी न्यायचा. ती काठ्या रोवत घाट चढायची आणि तो जीप पहिल्या गिअरमध्ये टाकून मागून यायचा, ट्रकवाल्यांना हात दाखवत. घाटातली माकडं कठड्यावर बसून बघायची. राष्ट्रीय स्पर्धेत आधी तिसरी आली, मग दुसरी, मग सलग पहिली. परदेशात गेली. तिथे ती शेवटच्या चार-पाच जणींत असायची आणि तेही आनंदाने सांगायची. "बाई, तिथल्या पोरी चालाले लागतात त्याच दिवशी पट्ट्या बांधतात. मी त्याईच्या आजीसंग शर्यत लावली तरी हरीन. पण दरसाल थोडी थोडी जवळ जाऊन राह्यली."

मग हिवाळी ऑलिंपिक दिसायला लागलं. ठरावीक गुण मिळवले तर आपल्या देशाकडून एका मुलीला जागा मिळणार होती, आणि छकुलीचे गुण होत आले होते. एक हिवाळा नीट गेला की झालं. घरात तो शब्द कुणी मोठ्याने बोलत नसे, दृष्ट लागेल म्हणून. इंद्रभान नुसतं म्हणायचा, "ते मोठं काम."

त्याच दिवाळीला ती घरी आली ती खोकत.

तिथली हवा हाडं गोठवणारी, कोरडी. तसल्या हवेत ऊर फुटेस्तोवर श्वास ओढायचा, वर्षानुवर्षं. या खेळातल्या कितीतरी जणींना हा खोकला धरतो, असं ती म्हणाली. तिला डॉक्टरांनी तोंडात ओढायचा पंप दिला होता. तो चालतो, किती वेळा ओढायचा तेही ठरलेलं असतं. तिने पंप ओढला तो तानुबाईने पाहिला आणि माझ्याकडे धावत आली.

"बाई, पंप! माह्या पोरीले पंप लागला!"

"अगं, डॉक्टरांनी दिलाय. बऱ्याच जणांना असतो."

"पंप म्हणजे शेवटची पायरी, बाई. लागला का सुटत नाही. अन् उद्या पाहाले आलेल्याईनं पाह्यला तं कोन पोरगी करीन?"

आमच्याकडे हे असंच आहे. गोळी, काढा, पुडी, सगळं चालतं. पंप दिसला की माणूस गेल्यात जमा.

तानुबाईने पुडीचं नाव काढलं तेव्हा छकुलीने हात जोडले. मी तिथेच ओट्यावर बसले होते.

"माय, पुडी नाही, काढा नाही, कोनाचा अंगारा नाही. मले सर्दीची गोळीबी इचारल्याबिगर घेता येत नाही. आमचं रक्त, लघवी तपासतात. काही सापडलं तं सगळं गेलं. समजलं काय?"

"घरचं खाल्लेलंबी तपासतात काय व?"

"घरचं चालते. पण काय घातलं ते मले सांगायचं."

"मंग डिंकाचे लाडू देतो सोबत. ते तं चालतीन?"

"काय काय घालशीन?"

"डिंक, खारीक, खोबरं, गोडंबी, थोडी मेथी, गूळ, तूप." तानुबाईने बोटांवर मोजलं. "बस."

"ते चालते," छकुली म्हणाली आणि हसली. "गोडंबी जास्त घाल."

दुसऱ्या दिवशी ती बापासोबत घाटात गेली. घरात तानुबाई एकटीच होती, पुढ्यात लाडवाची परात. मला भिंतीपलीकडून खलबत्त्याचा आवाज येत होता आणि तुपात फुलणाऱ्या डिंकाचा वास. आमच्याकडेही एक वाटी येईल म्हणून मी वाट पाहिली. ती आली नाही. दरवर्षी येते. त्या वर्षी तानुबाई म्हणाली, पोरीलेच पुरले नाहीत.

त्या हिवाळ्यात छकुलीचा खोकला बसला. ती रोज सकाळी एक लाडू खायची. राष्ट्रीय स्पर्धेत ती अशी धावली की दुसरी आलेली मुलगी पोचली तोवर हिने पट्ट्या सोडल्या होत्या. रात्री फोन आला, आवाजात नुसता आनंद. "माय, मेडल मले काऊन दिलं त्याईनं? तुह्या लाडवाले द्याले पाहिजे होतं."

तानुबाई फोन ठेवून देवापुढे जाऊन बसली. मला वाटलं, लेकीच्या यशाने भरून आलं.

होळीच्या आसपास छकुलीने आधी मला फोन केला. "बाई, तुम्ही आमच्या घरी जाऊन बसा. तुम्ही पोचल्या का मी मायले फोन लावते." तिच्या तपासणीत औषध सापडलं होतं. दम्याच्या, सांधेदुखीच्या रोग्यांना देतात तसलं. शर्यतीच्या वेळी अंगात असलं तर चालत नाही. "मी काहीच नाही घेतलं. मले त्या औषधाचं नावबी नीट घेता येत नाही, बाई."

दिल्लीच्या वकीलबाईंनी तिला स्पष्ट सांगितलं: ते तुझ्या पोटात कशातून गेलं हे दाखवता आलं, आणि तुला ठाऊक नव्हतं हे पटलं, तर शिक्षा थोडक्यात आटपू शकेल आणि ऑलिंपिक हाताशी राहील. नाही दाखवता आलं तर दोन वर्षं. म्हणून छकुली एकेक घास आठवत बसली. जेवणघरातलं दूध, प्रवासातला चहा, मैत्रिणीने दिलेली बडीशेप. आणि लाडू.

"माय, घरी लाडू उरले काय? दोन असले तरी ठेव, तपासाले पाठवायचे हायेत."

"कवाच सरले," तानुबाई म्हणाली.

मला माझ्या ह्यांचा गोल चेहरा आठवला. मी भिंतीपाशी तिला गाठलं.

"तानू, खरं सांग. पुडी तर नाही ना घातलीस?"

ती म्हणाली, "माह्या गेलेल्या लेकराची शप्पथ, बाई. गजेंद्रची शप्पथ. काही नाही घातलं."

त्यानंतर मी काय विचारणार? त्या एसटीत मी तिच्या शेजारी बसले होते. त्या पोराची शपथ ती उगाच घेणार नाही, हे मी कुणालाही छातीवर हात ठेवून सांगितलं असतं.

सुनावणी मोबाइलवर झाली. तिकडे निकाल देणारी तीन माणसं, वकीलबाई आणि छकुली, प्रत्येक जण आपापल्या चौकोनात. इकडे त्यांच्या घरातल्या खाटेवर तानुबाई आणि शेजारी मी, कारण तिचं बोलणं त्यांना कळेना आणि त्यांची हिंदी तिला. मी मधे बसून इकडचं तिकडे करत होते. तानुबाईने डोक्यावरून पदर घेतला होता, फौजदारासमोर बसल्यासारखा.

त्यांच्यातल्या एका बाईंनी अगदी मायेने विचारलं, लाडवात काय काय घातलं होतं?

"डिंक," तानुबाई म्हणाली. "खारीक, खोबरं, गोडंबी, मेथी. गूळ, तूप." मधे थांबली. "बस."

आणखी काही? एखादं औषध, जडीबुटी, कुणी दिलेलं काही? घाबरू नका, तुम्ही सांगितलंत तर तुमच्या मुलीला मदतच होईल.

मी ते शब्दाला शब्द तिला सांगितलं. मदत होईल, हेही सांगितलं. चौकोनात छकुली श्वास धरून बघत होती.

"माह्या गेलेल्या पोराची शप्पथ," तानुबाई म्हणाली. "काही नाही."

मी त्याची हिंदी केली. माझ्या तोंडून ते दिल्लीला गेलं.

दोन वर्षं. मेडल परत गेलं, वर्तमानपत्रात नाव आलं. गावात पेपर येतो तो पानठेल्यावरच. नोकरी राहिली, संघ गेला. ती रात्रपाळीच्या साध्या ड्यूटीवर लागली, तळाच्या फाटकावर. तिच्या खोलीतल्या मुली सरावाला निघायच्या तेव्हा फाटक उघडायचं काम हिचं. हे तिने मला एकदाच सांगितलं, आणि पुन्हा त्यावर बोलली नाही.

सोयाबीन निघायच्या दिवसांत ती सुट्टीवर आली. मळणीची धूळ सगळ्या गावावर धरली होती. तिला ढास लागली. मी त्यांच्याच ओसरीवर भाजी निवडत होते. छकुली पंप शोधायला उठली तशी तानुबाई आतून आली. हातात कागदाची पुडी आणि गुळाचा खडा.

"आता तं घे. आता कोन तपासते तुले?"

"माय, नको म्हटलं न."

"हट्ट करू नको व. मागच्या खेपेले याच्यानंच तं बसला होता खोकला. किती पळली होती तू!"

छकुलीचा हात पंपावरच राहिला. मी निवडलेल्या भाजीसकट सूप खाली ठेवलं.

"मागच्या खेपेले?" छकुली म्हणाली.

तानुबाईला आपण काय बोललो ते कळायला जरा वेळ लागला. मग ती उंबऱ्यावरच बसली.

"लाडवात?"

तानुबाई पुडीचा कागद पुन्हा मुडपायला लागली.

"सगळ्या लाडवांत, माय?"

"हाव."

"मंग सांगतलं काऊन नाही? बाईनं तुले इचारलं. त्या दिल्लीच्या बाईनं किती येळा इचारलं!"

"काय सांगू?" तानुबाई एकदम रडत ओरडली. "औषध दिलं म्हटलं असतं तं त्याईनं तेच धरलं असतं न! पोरीनं औषध खाल्लंच होतं म्हणून. सरकारी माणसानं इचारलं का मालूम नाही म्हणायचं, हेच शिकली मी. मले वाटलं मी नाही म्हटलं तं तू सुटशीन. उरलेले लाडू म्हशीले चारले, का सापडाले नको."

मी म्हणाले, "तानू, तू गजेंद्रची शपथ घेतलीस."

तिने माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत लाज नव्हती. मला समजत कसं नाही, याचं नवल होतं.

"त्याचीच घेतली, बाई. तो तं गेला. खोट्या शपथेनं त्याले आता काय होणार हाय? जित्या पोरीची घेतली काय मी? आठवून पाहा. एक डाव तरी छकुलीची घेतली काय?"

खरंच नव्हती घेतली. आमच्याकडे जिवंत माणसाची खोटी शपथ घेतली तर त्याच्यावर बेततं, असं मानतात. तिने लेकीला वाचवायचं म्हणून मेलेल्याला पुढे केलं होतं. आणि मला वाटत होतं, त्याच्या शपथेहून खरं काही नाही.

छकुली भिंतीला टेकली. ओरडली नाही. म्हणाली, "मंग मी जिंकली ते कोनं जिंकलं, माय? मी का पुडीनं?"

मला वाटतं, दोन वर्षांच्या बंदीपेक्षा हा प्रश्न तिला जास्त खातो. इंद्रभान संध्याकाळी आला, त्याला सांगितलं. तो घरात न येता जीपमध्ये जाऊन बसला, स्टिअरिंग धरून.

मग जे करायचं ते सगळं केलं. तानुबाई बुलढाण्याला गेली, वकिलासमोर खरं काय ते लिहून दिलं, अंगठा नको, सही करते म्हणाली आणि सही केली. तिथे तिने छकुलीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. कुणी मागितली नव्हती. पुडी तपासायला पाठवली. त्यात तेच औषध निघालं, कुटलेल्या गोळ्यांचं. पण दिल्लीच्या वकीलबाई म्हणाल्या, अपिलाची मुदत टळून गेली आहे. आणि आज आणलेल्या पुडीवरून त्या वेळच्या लाडवात काय होतं ते सिद्ध होत नाही. लाडू तर एकही नाही. निकाल देणारे विचारतील, आईच्या दोन शपथांपैकी खरी कोणती? लेकीला सोडवायला आईने आता हे रचलं, असंच म्हणतील.

तरी त्यांनी कागद पाठवले. उत्तर आलं, प्रकरण पुन्हा उघडता येत नाही.

ऑलिंपिकची जागा डोंगराकडच्या एका मुलीला मिळाली. छकुलीने तिला फोन केला. मी ऐकत होते. चढावर काठी कशी टेकायची ते सांगितलं, बर्फ ओला असेल तर पट्टीला कुठलं मेण लावायचं ते सांगितलं. फोन ठेवून म्हणाली, "चांगली हाय पोरगी. चढावर माह्याहून हलकी."

वामनरावांची रांग अजून लागते. उलट गावात बोलबाला झाला की इंद्रभानच्या पोरीने गोळ्या खाल्ल्या आणि नाव वामनरावांचं घेतलं. ज्यांच्या घरी वर्षानुवर्षं पुडी आहे त्यांना ते सोसलं नाही. रविवारी पुडीला जाणारी माणसं इंद्रभानच्या जीपमध्ये बसेनाशी झाली. एकदा हरिओमने पानठेल्यावरून हाक मारली, "छकुले, आमालेबी दे व ती गोळी, घाट चढाची हाय!" पूर्वी तिने उलट टोला दिला असता. त्या दिवशी ती काठ्या टेकत तशीच पुढे गेली. चौकात कुणी हसलंही नाही.

त्या दिवसापासून छकुली आईच्या हातचं खात नाही. सुट्टीवर आली की पीठ स्वतः दळून आणते, वेगळ्या शेगडीवर स्वतःची भाकरी थापते, पाणीसुद्धा स्वतः भरून ठेवते. भांडत नाही. आईचे पाय चेपते, तिला डोळ्याच्या डॉक्टरकडे नेते. फक्त तिच्या ताटात जेवत नाही. "तुह्यावर राग नाही, माय," म्हणते. "मले सवय लावून घेणं हाय. बंदी उठली का पुन्हा तपासतीन." बंदी उठेल तेव्हा तिशी उलटलेली असेल. छातीचं तेव्हा काय झालेलं असेल, देव जाणे. तरी घाट चढते. इंद्रभान मागून जीप आणतो.

यंदा संक्रांतीला ती घरी होती. ऑलिंपिक तोंडावर आलं होतं. गल्लीतल्या बाया वाणाला जमल्या, मलाही दरवर्षीसारखं बोलावलं होतं. छकुली सगळ्यांना तिळगूळ देत होती, सगळ्यांकडून घेत होती, आणि घेतलेला प्रत्येक लाडू मांडीवरच्या रुमालात ठेवत होती. तिने एकही खाल्ला नाही हे माझ्याशिवाय कुणी पाहिलं नसावं.

मग तानुबाई ताट घेऊन तिच्यासमोर आली. "तिळगूळ घे, गोड बोल."

छकुलीने हात पुढे करून एक लाडू घेतला. मग विचारलं, "यात काय काय हाय, माय?"

बाया हसल्या, त्यांना थट्टा वाटली. तानुबाई हसली नाही.

"तीळ," ती म्हणाली. "गूळ. शेंगदाणे. विलायची."

"अजून?"

"बस." आणि तिने उजवा हात उचलला, लेकीच्या डोक्यावर ठेवायला. छकुलीने डोकं मागे घेतलं.

"शप्पथ नको, माय."

तानुबाईचा हात तसाच हवेत राहिला. तो तिने हळूहळू खाली आणला, ताटातला एक लाडू उचलला, स्वतःच्या तोंडात टाकला आणि चावायला लागली. तिचे दात आता राहिले नाहीत, वेळ लागला. गिळून झाल्यावर तिने लेकीसमोर वाकून तोंड उघडलं, मोठ्ठं, जीभ बाहेर काढून.

छकुलीने पाहिलं. मग आपल्या हातातला लाडू रुमालात ठेवला आणि गाठ मारली.